पांढऱ्याचे पाप

मर्ढेकरांची लयतत्त्वे आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे शिकवत आलो आहोत. संवाद, विरोध, समतोल. फळ्यावर तीन शब्द लिहायचे, खाली रेघ ओढायची आणि उदाहरणासाठी रंगांकडे वळायचे, ही आमची ठरलेली रीत. निळ्याशेजारी हिरवा ठेवला की संवाद, तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की विरोध, एका कोपऱ्यातला गडद डाग दुसऱ्या कोपऱ्यातल्या फिकट विस्ताराने तोलला की समतोल. विद्यार्थी लिहून घेतात, परीक्षेत तेच परत करतात, आम्ही गुण देतो. या साऱ्या व्यवहारात रंगाचा एक थेंबही कोणाच्या बोटाला लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या फेररचनेत मराठी विभागाचा कार्यभार कमी पडू लागला, तेव्हा ‘कलास्वाद’ नावाची दोन श्रेयांकांची अभ्यासपत्रिका आमच्या गळ्यात आली. समोर वाणिज्य आणि विज्ञान शाखेची मुले. त्यांना मर्ढेकर ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच त्यांना मर्ढेकरांचे भय नाही. नेहमीचे उदाहरण सुरू असताना दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, ‘सर, निळ्याशेजारी हिरवा ठेवायचा म्हणजे कधी? निळा ओला असताना, की वाळल्यावर?’

मुलीने शाळेत असताना इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिली होती, हे नंतर कळले. आम्ही तिला उत्तर दिले, ‘तो तंत्राचा भाग झाला.’ आवाज नेहमीसारखाच ठाम होता.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. ‘तो तंत्राचा भाग झाला’ हे मराठी समीक्षेचे फार जुने आणि फार सोयीचे वाक्य आहे. आपल्याला जे ठाऊक नाही ते गौण ठरवण्याची एवढी सभ्य युक्ती दुसरी नाही. ती आम्ही वर्षानुवर्षे वापरली, विद्यार्थ्यांना वापरायला शिकवली, आणि आता तिचा आम्हाला जो वीट आला आहे तो आमच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला असल्यामुळे अनुभव थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे.

वर्ग सुटल्यावर आम्ही गावातल्या एका माध्यमिक शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडे गेलो. सर निवृत्तीला आले आहेत. आमचे महाविद्यालय आणि त्यांची शाळा यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक भेळेची गाडी एवढेच अंतर. पण गेल्या वीस वर्षांत आमच्यापैकी कोणीही तो रस्ता त्या कारणासाठी ओलांडलेला नव्हता. आम्ही म्हणालो, आम्हाला रंगवून पाहायचे आहे, आणि कुठेतरी वाचल्यामुळे असेही म्हणालो की ‘गुआश’मध्ये करावे असा विचार आहे. सर हसले. म्हणाले, ‘म्हणजे पोस्टर कलर. शाळेत असताना तुम्ही दोघांनीही वापरला असणार.’

वापरला होता. कॅमलच्या त्या छोट्या बाटल्या, वरचे झाकण रंग वाळून घट्ट बसलेले, पांढऱ्याची बाटली सर्वांत आधी संपलेली. सरांचे म्हणणे काटेकोरपणे पाहिले तर तंतोतंत खरे नाही. कलावंतांसाठी बनवलेल्या गुआशमध्ये रंगद्रव्य अधिक आणि अधिक बारीक घोटलेले असते; शाळकरी पोस्टर कलरमध्ये खडूसारखी भर जास्त, आणि उन्हात टिकण्याची हमी कमी. पण कूळ एकच. पाण्यात कालवलेले रंगद्रव्य, त्याला कागदावर धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, आणि खालचे काही दिसू नये इतका दाटपणा. अपारदर्शक जलरंग एवढेच त्याचे सरळ मराठी नाव. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. तो राखून ठेवावा लागतो, एकदा गेला की गेला. गुआशमध्ये प्रकाश पांढऱ्या रंगातून येतो आणि तो शेवटीही घालता येतो.

दुकानात दोन्ही होते. ट्यूबांची किंमत ऐकून आम्ही बाटल्या घेतल्या. एक पांढरी ट्यूब मात्र हट्टाने घेतली.

विषय निवडायला फार विचार केला नाही. आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून सायकल-स्टँडचे पत्र्याचे छप्पर दिसते, त्याच्यामागे गुलमोहर. पावसाळ्याचे दिवस होते, पत्रा धुतलेला होता, गुलमोहराचा फुलोरा उतरणीला लागला होता. तांबडा आणि हिरवा. आमचा फळ्यावरचा ‘विरोध’ खिडकीबाहेर आयताच उभा होता.

पहिल्या दिवशी जे झाले ते असे. झाडाचा हिरवा लावला, तो ओला असतानाच त्यावर फुलांचा तांबडा ठेवला. तांबडा क्षणभर दिसला आणि मग खालच्या हिरव्यात विरघळून दोहोंचा मिळून शिळ्या आमटीसारखा एक तपकिरी झाला. मग वाट पाहिली, हिरवा वाळू दिला, आणि भरपूर पाण्यात कालवलेला तांबडा पुन्हा लावला. पुन्हा तेच. डिंक वाळला तरी पाणी लागताच सुटतो. खालचा थर मेलेला नसतो, झोपलेला असतो. वरून ओला कुंचला दोनदा फिरवला की तो उठून वर येतो. सर मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, ‘पाणी कमी. सायीइतका दाट करा. आणि एकदा लावला की हात उचला, घासू नका.’ ‘हात उचला’ हे आम्हाला त्या तासाभरात त्यांनी किमान दहा वेळा सांगितले. सायीहून दाट करून पाहिला तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला भेगा पडलेल्या दिसल्या.

दुसरा दिवस अधिक अपमानाचा होता. पत्र्याचा करडा आम्ही मोठ्या निगुतीने मिसळला होता, छपराची अर्धी बाजू त्याने भरली होती. उरलेली बाजू पूर्ण करायला बसलो तर तो करडा पुन्हा मिळेना. बशीत मिसळलेला करडा कागदावरच्या करड्याशी अगदी जुळला म्हणून लावावा, तर वाळल्यावर तो वेगळाच. पुन्हा मिसळावा, पुन्हा वेगळा. याचे कारण या माध्यमाची एक खोड आहे, आणि ती या लेखाच्या केंद्रस्थानी आहे: गुआशमधल्या फिकट छटा वाळताना गडद होतात आणि गडद छटा वाळताना फिकट होतात. गडदाचे काय होते ते डोळ्यांना कळते. पाणी उडून गेले की डिंक बेताचाच असलेला पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज उरतो, त्यावरचा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि काळ्यावर कोणी राख भुरभुरल्यासारखे दिसते. परिणाम असा की कागद ओला असताना दोन रंगांत जेवढे अंतर होते त्याहून वाळल्यावर कमी अंतर उरते. दोघेही एकमेकांकडे सरकतात.

आता हे मर्ढेकरांच्या भाषेत मांडून पाहा. आम्ही विरोध ठेवला होता; रात्रीतून तो अर्ध्या संवादावर आला. समतोल साधला होता. सकाळी एक पारडे हलके झाले होते. मग मुलीचा प्रश्न, ओला असताना की वाळल्यावर, हा ‘तंत्राचा भाग’ कसा? विरोध आहे की नाही हे ज्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते तो प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे. चित्रकाराला लयीचा विचार दोनदा करावा लागतो: एकदा जे दिसते आहे त्याचा, आणि एकदा जे दिसणार आहे त्याचा. आपण आज जो करडा पाहतो आहोत तो खोटा आहे हे जाणून, उद्याच्या खऱ्या करड्यासाठी त्याला मुद्दाम चुकीचा मिसळायचा. सर हे कागदाच्या चिटोऱ्यावर ठिपका देऊन, तो फुंकर घालून वाळवून, मग ठरवतात. त्यांच्या टेबलावर अशा ठिपक्यांनी भरलेल्या चिटोऱ्यांची एक चळत आहे. आमच्या पाहण्यातले लयतत्त्वांवरचे इतके नेमके टिपण दुसरे नाही.

मर्ढेकरांवर आमचा राग नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ने १९५५ साली मराठी वाचकाला गोष्टीतून आणि बोधातून बाहेर काढून रचनेकडे पाहायला लावले, ते ऋण आम्ही रोज फेडतो, पगारही त्यावरच घेतो. पण त्यांच्या मांडणीत रंग येतो तो संवेदना म्हणून येतो. डोळ्याला झालेला अनुभव म्हणून येतो. बाटलीतला, बशीतला, वाळणारा, भेगा पडणारा पदार्थ म्हणून येत नाही. त्यांच्यानंतर रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) मर्ढेकरांची मांडणी कसून तपासली, लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्या दोन ध्रुवांमध्ये सारा विचार ताणून धरला. तो ग्रंथ मराठीतल्या थोर ग्रंथांपैकी आहे, यात आम्हाला शंका नाही. तरीही कांटपासून आजपर्यंतच्या त्या प्रदीर्घ खटल्यात साक्षीला सगळे येतात, एक डिंक येत नाही. आणि पाटणकरांना जे करायचे होते त्यासाठी त्यांना त्याची गरजही नव्हती. गरज आम्हाला होती. आम्ही त्यांच्या सूक्ष्म विवेचनाचे गुळगुळीत गाइड बनवले आणि ते गाइड चित्रकलेचे ज्ञान म्हणून वाटत सुटलो.

यावरचा आक्षेप आम्हाला पाठ आहे, कारण इतकी वर्षे तो आम्हीच घेत होतो. आंब्याची चव सांगायला आंब्याचे कलम बांधता यावे लागते काय? समीक्षकाने कवी असावे, रसिकाने गवई असावे, असे म्हणणे हा अडाणीपणा नव्हे काय? मान्य. आमचे छप्पर-चित्र ज्यांनी पाहिले आहे ते ग्वाही देतील की आम्हाला चित्रकार व्हायचे नाही आणि होताही येणार नाही. पण प्रश्न कलम बांधण्याचा नाहीच. आंबा सोलताना हात चिकट होतो, कोय मध्ये येते, एवढे तरी ठाऊक असण्याचा आहे. आम्ही पेटीवरचा छाप वाचून आंब्याच्या चवीवर निबंध लिहीत होतो. कौशल्य नसले तरी चालेल. पदार्थ कुठे अडतो, कुठे ऐकत नाही, कलावंताला कुठे माघार घ्यावी लागते, याची हाताला एकदा तरी जाणीव हवी. ती नसली की समीक्षक कलाकृतीतली प्रत्येक गोष्ट कलावंताच्या इच्छेच्या खाती मांडतो. ‘चित्रकाराने येथे मंद रंगसंगती योजून विषण्णतेचा प्रत्यय दिला आहे.’ दिलाही असेल. किंवा त्याचा रंग वाळला असेल.

मराठीत याला अपवाद झाले आहेत, आणि ते अपवाद कोण होते हे पाहण्यासारखे आहे. द. ग. गोडसे यांनी १९६३ साली ‘पोत’ लिहिले. त्या पुस्तकाचे नावच कापडाला बोट लावून ठेवलेले आहे. गोडसे मुखपृष्ठे करीत होते, रंगमंचाची नेपथ्ये उभी करीत होते. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) तर चित्रकारानेच लिहिलेले. बरव्यांनी दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग कॅनव्हासवर आणला, आणि त्यांच्या गद्यातही वस्तू आणि तिचा पृष्ठभाग यांच्याविषयीची तीच सावध जवळीक आहे. ही दोन्ही पुस्तके आमच्या विभागाच्या ग्रंथालयात आहेत. ‘पोत’च्या मागच्या पानावरचा शेवटचा तारखेचा शिक्का कधीचा आहे हे आम्ही येथे लिहीत नाही.

आता पांढऱ्याकडे वळू. आमच्यापैकी एकाने शाळेत असताना एका स्पर्धेत जलरंगातले चित्र दिले होते, त्यात ढग पांढऱ्या पोस्टर कलरने काढले होते. परीक्षकांनी चित्र बाजूला ठेवले. कारण सांगितले, ‘पांढरा वापरला आहे. ही चोरी आहे.’ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चोरी हा शब्द बराच काळ पुरतो. पारदर्शक जलरंगाचे व्रत हे आपल्याकडे इंग्रजी अमदानीतल्या कलाशिक्षणाबरोबर आले आणि पुढे त्याचे सोवळे झाले. त्या व्रतातून मोठी चित्रे निर्माण झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आहे; बोटांच्या फटीतून येणारा तो प्रकाश पाहून माणसाची बोलती बंद होते. (आणि त्या चित्राखाली रविवर्म्याचे नाव घालून ते घरोघर पाठवले जाते, हा अन्याय वेगळा.) आमची तक्रार व्रताविषयी नाही. व्रत न करणाऱ्याला चोर म्हणण्याविषयी आहे.

कारण हे सोवळे ज्यांच्याकडून आले असे मानतात त्यांनीही ते पाळलेले नाही. ड्यूररचा १५०२ सालचा ससा पारदर्शक आणि अपारदर्शक अशा दोन्ही जलरंगांनी झालेला आहे. टर्नरने फ्रान्समधल्या नद्यांची चित्रे निळ्या कागदावर दाट रंगांत केली. रस्किनने आपल्या रेखनकलेवरच्या पुस्तकात नवशिक्याला रंगात पांढरा मिसळण्याचाच सल्ला दिला, आणि ते पुस्तक निघाले १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले त्याच वर्षी. लंडनहून येणारी आगबोट सोवळे घेऊन आली आणि सल्ला बंदरातच राहिला, असे म्हणावे लागते.

आणि आपल्याकडे? इंग्रज येण्यापूर्वीची कागदावरची जवळजवळ सगळी भारतीय लघुचित्रकला अपारदर्शक जलरंगांची आहे. रंगद्रव्य, डिंक, सफेदा. रेखांकनावर पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा, वर थरावर थर चढवायचे, मधून मधून कागद पालथा घालून मागून अकीकाच्या गोट्याने घोटायचा म्हणजे रंग दाबून बसतो आणि त्याला तकाकी येते. परदेशी संग्रहालयांच्या पाट्यांवर एकेकाळी याला सरसकट ‘गुआश’ म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी ‘अपारदर्शक जलरंग’ असे लिहितात, आणि ते बरे आहे. फार दूर जायला नको. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातले सचित्र हस्तलिखित पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या पुराव्यांत त्याची गणना होते. ज्या मुलाला पांढऱ्याबद्दल चोर म्हटले गेले, तो त्या मंडळापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. त्याला हे कोणी दाखवले नाही, कारण परीक्षकांनीही ते पाहिले नसावे.

रंगांचीही आपण वर्णव्यवस्था लावली आहे. या भाषेत हे दोन शब्द एकच आहेत हा योगायोग फार बोचरा आहे. वर तैलरंग, त्याखाली पारदर्शक जलरंग, आणि शेवटी पोस्टर कलर: मुलांचा, पाट्या रंगवणाऱ्यांचा, जाहिरातवाल्यांचा. मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण १९६१ पासून स्वतंत्र संस्थेत गेले. त्याची शैक्षणिक कारणे असतील. पण बोलण्यात ‘तो कमर्शियलचा’ हे वाक्य आम्ही ज्या सुरात ऐकले आहे तो सूर शैक्षणिक नव्हता. दरम्यान मातीसने आयुष्याच्या अखेरीस जी कागदाची कातरचित्रे केली ते कागद गुआशने रंगवलेले होते. जपानी चित्रपट ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातली ती पावसाळी शेते आणि ते प्रचंड झाड आठवत असेल. काझुओ ओगा यांनी ही पार्श्वचित्रे रंगवली ती पोस्टर कलरने. बाटलीतल्या. हे आम्हाला त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीने सांगितले.

हे सारे चित्रकलेपुरते असते तर साहित्याच्या पानावर आम्ही एवढी जागा अडवली नसती. पण मराठी समीक्षेची प्रशंसेची शब्दावली एकदा चाळून पाहावी. नितळ. पारदर्शी. सहज. उत्स्फूर्त. आरस्पानी. या सगळ्या शब्दांमागे पारदर्शक जलरंगाचेच सोवळे उभे आहे: पहिल्या झटक्यात उतरले ते खरे, वरून हात फिरवला तर पाप. कवीला ‘कविता सुचली’ असे म्हटले की तो कवी. तिसऱ्यांदा लिहिली म्हटले की कारागीर. मुलाखतींत कवीही तेच सांगतात, कारण आपण तेच विचारतो. साहित्यशास्त्राच्या पेपरात मम्मटाचे काव्यहेतू आम्ही शिकवतो: शक्ती, निपुणता, अभ्यास. शक्तीला, म्हणजे प्रतिभेला, दोन तास. निपुणतेला अर्धा. अभ्यासाला घंटा होण्यापूर्वीची पाच मिनिटे. वास्तविक मम्मटाने तिन्ही मिळून एकच हेतू मानला आहे, तीन वेगळे हेतू नव्हेत, हे आम्हीच फळ्यावर लिहितो आणि मग पाच मिनिटांत गुंडाळतो. जाणत्यांकडून शिकून पुन्हा पुन्हा करणे असा त्या अभ्यासाचा अर्थ आहे. त्याची पाच मिनिटे का, तर त्यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही नाही. कोणत्याही मराठी कवीची खाडाखोड केलेली वही आम्ही एम.ए.च्या वर्गात कधी उघडून ठेवलेली नाही.

गुआशच्या बाबतीत तर हा उत्स्फूर्ततेचा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. लोकांना वाटते की दाट रंग म्हणजे चूक झाकण्याची सोय. चुकले की वरून फासा. आम्हीही त्याच आशेने बसलो होतो. प्रत्यक्षात झाकलेली चूक पाणी लागताच वर येते. आमच्या तिसऱ्या चित्रात पत्र्याच्या करड्याखालून पहिल्या दिवशीचा हिरवा एका कडेने फुटला आहे, आणि तो घालवण्याच्या प्रत्येक प्रयत्नात थोडा अधिक पसरला आहे. दुरुस्ती करता येते. पण खालचे आठवणीत ठेवून, कमी पाण्यात, एका हातात, आणि मग थांबून. ज्याने एखादा परिच्छेद चौथ्यांदा लिहिला आहे त्याला ही शिस्त ओळखीची वाटेल. मात्र ती ओळखीची आहे हे सांगायला आमच्याकडे शब्द नाहीत, कारण आमचे सगळे शब्द नितळ आहेत.

मुलीला आम्ही पुढच्या तासाला उत्तर दिले: वाळल्यावर, पण निळा मिसळतानाच तो वाळल्यावर कसा होईल ते धरून. तिने ‘हो’ म्हटले, जणू एवढे तर तिला ठाऊकच होते.

विभागाच्या बैठकीत आम्ही एक प्रस्ताव मांडला. दर वर्षी आमच्याकडे चर्चासत्र होते, बीजभाषण होते, शोधनिबंध वाचले जातात. ‘साहित्य आणि चित्रकला’ या विषयावर एकदा झालेही आहे. त्यात सोळा निबंध होते, त्यांतले दोन आमचे, आणि सभागृहात एकही चित्रकार नव्हता. चित्रकलेचे सर रस्त्यापलीकडे होते. प्रस्ताव असा की या वेळी एक सत्र निबंधांशिवाय ठेवावे, सरांना बोलवावे, आणि आलेल्या प्राध्यापकांनी दीड तास फक्त दोन रंग शेजारी शेजारी लावून वाळण्याची वाट पाहावी. बाकी काही नाही.

चर्चा बरीच झाली. या सत्राचे प्रमाणपत्र कोणत्या नावाने द्यायचे, असा प्रश्न आला. सरांकडे पीएच.डी. नसल्यामुळे त्यांना साधनव्यक्ती म्हणून मानधन देता येईल का, असा दुसरा आला. सभागृहातल्या सतरंज्या भाड्याच्या आहेत, त्यांवर रंगाचे पाणी सांडले तर भरपाई कोणी द्यायची, हा तिसरा. आणि खरे सांगायचे तर तिघांपैकी तेवढाच आम्हाला रास्त वाटला. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

सरांच्या कानावर आम्ही हे सगळे घातले. ते म्हणाले, मानधनाचे राहू द्या, सतरंज्या गुंडाळून ठेवा. पण पाण्याची भांडी प्रत्येकाला दोन हवीत, एक कुंचला धुवायला आणि एक स्वच्छ. तुम्ही दोघे पहिल्या दिवशी एकाच भांड्यात बुडवत होता.